परिचारिकेचा निर्णय : खाटेपासून घरापर्यंत

रुग्णालयातील निर्णय म्हटले की निदान, शस्त्रक्रिया आणि औषधयोजना हे डॉक्टरांचे निर्णय डोळ्यांपुढे येतात. तथापि डॉक्टरांचा राऊंड एकेका खाटेपाशी काही मिनिटेच थांबतो आणि दिवसाच्या उरलेल्या सर्व काळात रुग्णात काय बदलत आहे, तो बदल काळजी करण्याजोगा आहे की नाही आणि त्याबद्दल कोणाला केव्हा कळवायचे, हे परिचारिकाच ठरवत असते. दिसलेल्या, मोजलेल्या आणि रुग्णाच्या तोंडून ऐकलेल्या खुणांचा अर्थ लावून त्यानुसार योग्य ती कृती करणे, या क्षमतेला परिचर्याशास्त्रात 'परिचर्या-निर्णय' म्हणता येईल. हा निर्णय दोन प्रसंगी विशेष कसाला लागतो : रुग्णाची अवस्था जोखताना, म्हणजेच मूल्यांकन करताना, आणि रुग्णाला घरी पाठवताना. रुग्णालयांच्या कामकाजात ही दोन वेगळी कामे मानली जातात, त्यांचे कागदही वेगळे असतात. परंतु घरी पाठवण्याची तयारी हे मूल्यांकनाचेच पुढचे पाऊल आहे आणि या दोहोंची फारकत झाली की रुग्णाचे नुकसान होते, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. वॉर्डात 'सिस्टर' आणि 'ब्रदर' दोघेही हे काम करतात. येथे 'परिचारिका' हा शब्द दोघांसाठीही वापरला आहे.

शुश्रूषेला चिकित्सेत स्वतंत्र स्थान देण्याची कल्पना भारतात जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुणही तेथे दिले आहेत. उपस्थात्याला उपचारांचे ज्ञान हवे, हाताला कौशल्य हवे, रुग्णाविषयी आपुलकी हवी आणि स्वच्छता हवी. तर रोग्याला स्मरणशक्ती हवी, सांगितलेले पाळण्याची वृत्ती हवी, निर्भयता हवी आणि आपल्याला काय होते आहे हे नेमके सांगता यायला हवे. यातील रोग्याचे गुण वाचताना आजचा वॉर्ड आठवतो, कारण तेथे हे चारही गुण एकाच रुग्णात सापडणे दुर्मीळ असते. तापाने ग्लानी आलेल्या माणसाची स्मृती शाबूत नसते, मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलेला गरीब माणूस निर्भय नसतो आणि वेदनेने बेजार झालेल्याला आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही. रोग्यापाशी जे उणे आहे ते उपस्थात्याने भरून काढायचे असते आणि परिचर्या-निर्णयाचा मोठा भाग नेमका येथेच खर्ची पडतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रात्र चांगली गेली का, अशा मोघम प्रश्नावर त्यांचा विशेष आक्षेप होता, कारण चांगली रात्र म्हणजे काय हे प्रत्येक रुग्ण आपापल्या परीने ठरवतो आणि त्या उत्तरातून हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी झोप किती तास लागली आणि कोणत्या वेळी लागली हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातील कोणत्याही वॉर्डात "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "बरं आहे" हेच उत्तर मिळते. सिस्टरला त्रास नको, तक्रार केली तर मुक्काम वाढेल, मुलाचा रोज बुडेल, असे कितीतरी हिशेब त्या दोन शब्दांमागे असतात. अनुभवी परिचारिका म्हणून वेगळे विचारते : "आजी, रात्री किती वेळा उठून बसावं लागलं?" अशा प्रश्नाला आकड्यात किंवा प्रसंगात उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तराचा अर्थ लावता येतो.

मूल्यांकनातील सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वासांची मोजणी. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेते. नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूचे प्रमाण यंत्रावर दिसते. साध्या वॉर्डात श्वास मात्र माणसानेच मोजावे लागतात आणि त्यासाठी पूर्ण एक मिनिट थांबावे लागते. शिवाय आपले श्वास कोणी मोजत आहे हे कळताच रुग्णाच्या श्वासाची लय बदलते. त्यामुळे जाणती परिचारिका नाडी मोजून झाल्यावरही मनगटावरची बोटे तशीच ठेवते आणि नजर छातीकडे वळवून, रुग्णाच्या लक्षात न येता, श्वास मोजते. गर्दीच्या वॉर्डात ते मिनिट मिळत नाही आणि मग तक्त्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या रुग्णांच्या नावापुढे 18 किंवा 20 हाच आकडा अंदाजाने लिहिला जातो. हे नुकसान लहान नाही. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला किंवा रक्ताभिसरण ढासळू लागले की पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, रक्तात आम्ल साचते आणि ते कमी करण्यासाठी मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाची गती वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागते. त्याच वेळी रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब बराच काळ सावरून धरतात. म्हणजे रक्तदाबाचा आकडा अजून समाधानकारक दिसत असताना श्वासाने धोका कळवलेला असतो आणि तो न मोजणाऱ्याला हाती असलेले मोलाचे तास गमवावे लागतात.

अशा खुणा एकत्र जोडून पाहाव्यात म्हणून ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात पूर्वसूचना गुणांकन पुढे आले आणि 2012 मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याचे राष्ट्रीय रूप प्रसिद्ध केले. 2017 मध्ये त्यात सुधारणा होऊन नव्याने आलेला मानसिक गोंधळ हीदेखील धोक्याची खूण म्हणून समाविष्ट झाली. श्वासगती, रक्तातील प्राणवायू, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान या सहा गोष्टींना सामान्यापासूनच्या अंतरानुसार 0 ते 3 गुण दिले जातात, रुग्णाला बाहेरून प्राणवायू लावलेला असल्यास आणखी 2 गुण धरले जातात, आणि बेरीज 5 झाली तर तातडीने तपासणी, 7 किंवा अधिक झाली तर आपत्कालीन प्रतिसाद अपेक्षित असतो. श्वास 22, प्राणवायू 95 टक्के, वरचा रक्तदाब 108, नाडी 96 आणि ताप 38.2 अंश सेल्सिअस असलेला, शुद्धीवरचा रुग्ण घेतला तर यातील कोणताही एक आकडा पाहून कोणी धावत येणार नाही. परंतु गुणांची बेरीज 6 होते. पाच किरकोळ बदल एकाच दिशेने झाले आहेत, हे त्या बेरजेमुळे डोळ्यांसमोर येते.

गुणांकनाची मर्यादाही येथेच आहे. ते सर्वसामान्य माणसाशी तुलना करते, तर परिचारिकेला समोरच्या माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या अवस्थेशी करायची असते. ज्याचा वरचा रक्तदाब वर्षानुवर्षे 170च्या आसपास राहिला आहे त्याचा रक्तदाब 112 झाला तर गुणांकनात त्याला शून्य गुण मिळतात. प्रत्यक्षात तो एक तृतीयांशाने घसरलेला असतो. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची नाडी संकटातही वाढत नाही. वृद्धांमध्ये गंभीर संसर्ग कधी कधी तापाविनाच येतो आणि काल नातवाची चौकशी करणाऱ्या आजोबांनी आज ताटाकडे पाहिलेही नाही, एवढीच त्याची खूण असते. गडबड न करणाऱ्या, नुसत्या पडून राहणाऱ्या अशा रुग्णाला 'शांत आहे' असे म्हटले जाते आणि मंद स्वरूपाचा भ्रम, ज्यात रुग्ण बरळत नाही तर निमूट होतो, नजरेतून निसटतो. नेदरलँड्समधील खुस्के डाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिकांच्या या 'काहीतरी बरोबर नाही' अशा काळजीचाच अभ्यास करून तिच्यामागे असणाऱ्या नऊ खुणा वेगळ्या काढल्या; त्यांत श्वासातील आणि रक्ताभिसरणातील बदल, अस्वस्थता, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणे आणि आपल्याला बरे वाटत नसल्याचे रुग्णाने स्वतः सांगणे यांचा समावेश आहे. मोजमाप बिघडण्याआधी निर्माण झालेली ही काळजी अनेकदा खरी ठरते, आणि तिला लहरीपणा समजणे ही रुग्णालयाची चूक असते.

ही नजर जन्मजात नसते. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिकेपणापासून प्रावीण्यापर्यंत परिचारिकेच्या वाटचालीचे पाच टप्पे दाखवले : नवखी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते आणि प्रवीण परिचारिका संपूर्ण परिस्थिती एका नजरेत पकडते, कारण तिने तशा शेकडो परिस्थिती पाहिलेल्या असतात. बेनर यांच्या मांडणीतील एक मुद्दा आपल्याकडील प्रशासनाने लक्षात घेण्यासारखा आहे : हे प्रावीण्य त्या त्या प्रकारच्या रुग्णांपुरते असते आणि अनोळखी विभागात गेलेली अनुभवी परिचारिकाही तेथे नवखीच ठरू शकते. नवजात शिशूंच्या कक्षात वर्षे काढलेल्या परिचारिकेची बदली एका आदेशाने अस्थिरोग विभागात केली की मनुष्यबळाचा आकडा तेवढाच राहतो, पण कमावलेली नजर वाया जाते.

ओळखलेला धोका दुसऱ्याच्या गळी उतरवणे हादेखील निर्णयाचाच भाग आहे. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरांना "सर, पेशंट जरा बरा वाटत नाही" असे सांगितले तर "सकाळी बघू" असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते. सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि अपेक्षित कृती या क्रमाने बोलण्याची पद्धत, जी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली, ती येथे उपयोगी पडते : "सर, खाट चौदा, श्वास सहा वाजता वीस होता, आता सव्वीस आहे, चार तासांत लघवी जवळजवळ नाही, काल आतड्याचं ऑपरेशन झालं आहे, मला संसर्गाची शंका येते, आपण आत्ता येऊन पाहावं." यातील शेवटची दोन वाक्ये उच्चारण्यास आपल्याकडील अनेक परिचारिका कचरतात, कारण अंदाज बांधणे आणि अपेक्षा सांगणे हा आपला अधिकार नाही असे त्यांच्या मनावर प्रशिक्षणापासून बिंबलेले असते.

घरी पाठवण्याच्या तयारीत हीच नजर अधिक अवघड जागी वळवावी लागते, कारण आता जोखायचे असते ते न पाहिलेले घर. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झाल्याने अंगात पाणी साचणाऱ्या, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या डोंगरावरील एखाद्या वाडीत राहणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या रुग्णबाईंचे उदाहरण घेता येईल. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते : मीठ कमी, पाणी बेताने, लघवीची गोळी रोज सकाळी, वजनावर लक्ष, पंधरा दिवसांनी तपासणी. यातील प्रत्येक सूचना वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे आणि प्रत्येक सूचना घरी पोहोचताच अडू शकते. वजन तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर अंगात पाणी साठू लागले असे समजून लगेच दाखवायचे असते, पण घरात वजनकाटाच नाही; मग उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे काटा आहे का हे विचारावे लागते, आणि तोही नसेल तर चप्पल घट्ट होऊ लागणे, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहणे आणि झोपताना एकीच्या जागी दोन उशा लागणे या खुणा शिकवाव्या लागतात. लघवीची गोळी घेतल्यावर तास-दोन तास वारंवार उठावे लागते आणि शौचालय अंगणापलीकडे असेल, किंवा बाजारच्या दिवशी एसटीने जायचे असेल, तर त्या गोळी टाळतात. गोळीची वेळ दिवसभरात सोयीने बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारून दिले तर ती टळत नाही. मिठाबाबत भाकरीची चर्चा करण्यापेक्षा लोणचे, पापड, सुकट आणि खारवलेली मिरची यांबद्दल बोलावे लागते, आणि ते स्वयंपाक करणाऱ्या सुनेशी बोलावे लागते. दुपारी भेटीच्या वेळी येणाऱ्या मुलाला सांगून उपयोग नसतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू बहुधा उशाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत असते. जुन्या-नव्या सगळ्या गोळ्या खाटेवर ओतून एकेक पाहणे, या कामाला औषधांचा मेळ घालणे म्हणतात. त्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी सापडते आणि रुग्ण ते दोन्ही घेत असतो. गुडघेदुखीसाठी गावातल्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची किंवा आयब्युप्रोफेनची पट्टीही सापडते, जी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि हृदयाच्या अशा रुग्णाला काही दिवसांत पुन्हा रुग्णालयात आणू शकते. मधुमेह्याच्या पिशवीत इन्सुलिनच्या सुया पाहाव्या लागतात. भारतात इन्सुलिनच्या कुप्या बहुतांशी मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर 100 युनिटचे इन्सुलिनही मिळते, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात, एकीचे टोपण लाल आणि दुसरीचे नारिंगी. 100 युनिटचे औषध 40च्या सिरिंजमध्ये भरले तर मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. डिस्चार्ज कार्डावर केवळ '10 युनिट' एवढेच लिहिलेले असते. सिरिंज हातात घेऊन पाहिल्याशिवाय हा धोका दिसत नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर "समजलं का?" असे विचारले की उत्तर "हो" असेच येते. म्हणून सांगितलेले रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या तोंडून परत वदवून घेण्याची पद्धत आहे : "ताई, घरी गेल्यावर सासूबाईंचे पाय सुजलेले दिसले, तर तुम्ही काय कराल?" उत्तर चुकले तर सांगणाऱ्याचे सांगणे अपुरे पडले असे समजून दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायचे असते. यात पाच मिनिटे जातात आणि ती डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरणे, रिक्षा ठरवणे आणि खाट रिकामी करणे या घाईत कधीच सापडत नाहीत; ती सापडायची असतील तर शिकवण भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, औषध देता देता सुरू व्हावी लागते.

या कामाचा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेत मेरी नेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पुन्हा भरती होण्याचा धोका असलेल्या 363 वृद्ध रुग्णांचा समावेश होता. प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने रुग्णालयातच तयारी सुरू करून नंतर घरी भेटी दिल्या त्या गटातील 20.3 टक्के रुग्ण 24 आठवड्यांत किमान एकदा पुन्हा भरती झाले, तर नेहमीच्या पद्धतीने घरी गेलेल्यांपैकी 37.1 टक्के झाले. 2009 मध्ये बॉस्टन येथील चाचणीत डिस्चार्जची जबाबदारी एका परिचारिकेकडे सोपवून नंतर औषधतज्ज्ञाने फोनवरून विचारपूस केल्यावर पहिल्या 30 दिवसांतील रुग्णालयाचा वापर सुमारे 30 टक्क्यांनी घटला.

तथापि भारतातील एक मोठी चाचणी सावध करणारी आहे. पक्षाघाताच्या रुग्णांची घरी व्यायामोपचाराची जबाबदारी कुटुंबीयांना शिकवून देण्याच्या पद्धतीची 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांवर चाचणी झाली आणि 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचा निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. कुटुंबाला शिकवणे निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. परंतु कुटुंब हाताशी आहे म्हणजे व्यावसायिक काळजीची जागा ते आपोआप भरून काढील, हे आपल्याकडे सर्रास धरले जाणारे गृहीतक त्याने डळमळीत केले आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी चाचण्यांमध्ये कौशल्य असलेली व्यक्ती डिस्चार्जनंतरही रुग्णाच्या संपर्कात राहिली होती, हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

घरापर्यंत पोहोचणारी नजर कशी घडवता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करण्याचे प्रशिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया बाळ दूध ओढते का, अंग गार पडले आहे का हे पाहत आणि त्याचे श्वास मोजत. मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास ही नवजात बाळासाठी धोक्याची खूण असते. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. प्रसूती कक्षातील परिचारिकेने या बाळाचे वजन कमी आहे, आईला पाजताना त्रास होतो आहे, हे त्या गावच्या आशाताईंना आधीच कळवले तर तिसऱ्या दिवसाची भेट डोळसपणे होते. अनेक ठिकाणी असा निरोप जात नाही आणि रुग्णालयात ओळखलेला धोका फायलीतच राहतो.

हे सर्व एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत यावर अवलंबून आहे, हे उघड आहे. लिंडा एकेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ युरोपीय देशांत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची आकडेवारी तपासली गेली. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांतील मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असे तीत आढळले. रात्रपाळीला दोन परिचारिकांवर पूर्ण वॉर्ड सोपवणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्याकडून श्वासांची अचूक मोजणी आणि पिशवीतील औषधांचा मेळ या दोन्हींची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडील सर्वांत कठीण प्रसंग मात्र नियोजनाच्या कोणत्याही चौकटीत बसत नाही. पैसे संपले, शेतीची कामे अडली किंवा आशाच सुटली म्हणून नातेवाईक वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेतात. केस पेपरवर 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे लिहून सही किंवा अंगठा घेतला जातो आणि तेथे रुग्णालयाचे कर्तव्य संपले असे सर्वजण धरून चालतात. अनेकदा शिकवण, चिठ्ठी आणि फोन नंबर यांपैकी काहीच दिले जात नाही. वास्तविक अर्धवट उपचार घेऊन जाणाऱ्या या रुग्णाला डिस्चार्ज-सहाय्याची गरज सर्वांत जास्त असते. परिचारिकेने रागावर आणि निराशेवर मात करून त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत शिरेतील सुई काढली आहे याची खात्री करणे, प्रतिजैविकांचे किती डोस राहिले आणि ते गोळीच्या रूपात देता येतील का हे डॉक्टरांना विचारणे, कोणती दोन लक्षणे दिसली तर थांबायचे नाही हे सांगणे, गावापासून सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते हे चिठ्ठीवर लिहून देणे, आणि वाटले तर याच वॉर्डात परत या, कोणी बोलणार नाही, असे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगणे शक्य असते.